एक 'पर्यंत', दोन अर्थ

इंग्रजीतल्या गोंधळाच्या शब्दांची यादी कुठेही काढा, तीच जोडी पहिली सापडते: अफेक्ट आणि इफेक्ट. सारख्या दिसणाऱ्या, सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांचा तो गोंधळ आहे आणि स्पेलिंग पाठ केलं की तो बराचसा मिटतो. मराठीतून इंग्रजीत येणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते. आपल्याकडे एकच शब्द आणि त्यांच्याकडे दोन, अशा जागी पाय घसरतो, आणि शब्दांत काहीच साम्य नसल्यामुळे चूक झाल्याचं कळतही नाही.

'पर्यंत' घ्या. 'मी पाचपर्यंत ऑफिसात असेन' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, पाचच्या आत ऑफिसात पोहोचेन. दुसरा, आता ऑफिसातच आहे, पाच वाजेस्तोवर हलणार नाही. मराठीत संदर्भाने निभावून जातं. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी 'बाय फाइव्ह' आणि दुसऱ्यासाठी 'टिल' किंवा 'अंटिल फाइव्ह'. 'बाय' म्हणजे मुदत: त्या वेळेच्या आत एकदा काम झालं की संपलं. 'टिल' म्हणजे त्या वेळेपर्यंत चालूच राहणारी गोष्ट. म्हणून 'रिपोर्ट शुक्रवारपर्यंत पाठवा' याचं 'सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' केलं, तर वाचणाऱ्याला ते शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहा असं विचित्र ऐकू येतं. इथे 'बाय फ्रायडे'च हवं. पारख सोपी आहे. मराठी वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून पाहा. अर्थ तोच राहिला तर 'बाय'. 'तोवर सतत' बसत असेल तर 'टिल'.

मुदतीतही एक बारकावा आहे. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार धरला जातो, 'बिफोर फ्रायडे'मध्ये नाही. तिथे गुरुवार हा शेवटचा दिवस. पण शुक्रवारी सकाळी की रात्री, हे 'बाय' सांगत नाही. काम महत्त्वाचं असेल तर वाराबरोबर वेळही लिहावी. आणि 'आठवड्यात देतो' याचं 'इन अ वीक' करू नये. 'इन अ वीक' म्हणजे साधारण आजपासून आठवड्याने. आठवड्याच्या आत कधीही द्यायचं असेल तर 'विदिन अ वीक'.

'पासून' तर तिघांचं काम एकटा करतो. 'सोमवारपासून आजारी आहे' इथे 'सिन्स', कारण सोमवार ही सुरुवातीची खूण आहे. 'तीन दिवसांपासून आजारी आहे' इथे 'फॉर', कारण तीन दिवस हा मोजलेला अवधी आहे. 'सोमवारपासून येईन' इथे 'फ्रॉम', कारण सुरुवात अजून व्हायची आहे. 'सिन्स थ्री डेज' ही चूक इतकी पसरली आहे की कानाला खटकेनाशी झाली आहे, तरी ती चूकच आहे.

त्यातच क्रियापदाची गाठ आहे. 'मी इथे दहा वर्षांपासून राहतो' यात मराठी क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' असं वाक्य तयार होतं. एका वाक्यात दोन चुका. बरोबर वाक्य: 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स'. यातला 'हॅव' सुटला आणि नुसतं 'आय लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स' उरलं, तर अर्थ होतो की दहा वर्षं राहत होतो, आता राहत नाही. अर्जात किंवा मुलाखतीत एवढ्याशा 'हॅव'मुळे चालू नोकरी सुटलेली ठरते.

सगळ्यात घातक मात्र 'संशय'. 'तो आजारी असावा असा मला संशय आहे' हे 'आय डाउट ही इज सिक' असं लिहिलं, तर अर्थ थेट उलटा होतो: तो आजारी असेल असं मला वाटत नाही. 'डाउट' म्हणजे गोष्ट खरी नसावी असा कल, 'सस्पेक्ट' म्हणजे ती खरी असावी असा कल. तक्रारीच्या पत्रात किंवा डॉक्टरांच्या नोंदीत ही अदलाबदल महागात पडते. गंमत म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत 'आय डाउट'चा अर्थ आजही 'मला वाटतं असंच होणार' असा होतो. पण प्रमाण इंग्रजीत त्यावर विसंबू नये. वर्गात विचारायची 'शंका' हीसुद्धा भारताबाहेर 'डाउट' नसते. तिथे 'क्वेश्चन' म्हणावं, नाहीतर शिकवणाऱ्याला वाटतं की त्याच्या सांगण्यावरच विश्वास नाही.

'उसने'ची गोष्ट थोडक्यात: उसने देणं 'लेंड', उसने घेणं 'बॉरो'. आपण शब्द तोच ठेवून फक्त क्रियापद बदलतो, म्हणून 'बॉरो मी युअर पेन' असं तोंडून निघतं. 'ऐकणं' तसंच: आवाज कानावर पडला तर 'हिअर', लक्ष देऊन ऐकलं तर 'लिसन', आणि त्यापुढे 'टू' विसरायचा नाही.

आणि 'सावली'. ऊन लागू नये म्हणून झाडाखाली बसतो ती 'शेड'; तिला काठ असले तरी आकार मोजत नाही कुणी. जमिनीवर झाडाची जी आकृती उमटते ती 'शॅडो'. दुपारी विसावायला शेड शोधायची, झाडाची उंची काढायची तर शॅडो मोजायची.