सात फायली आणि एक खिडकी
आज दिवसभर हेरिटेज वस्तीतल्या घरांच्या बदलांचे प्रस्ताव तपासत बसलेलो, ७ फायली, डोकं पार भणभणलंय. बहुतेक ठीक होत्या, मागच्या बाजूचं बाथरूम, गच्चीवरची टाकी जी रस्त्यावरून दिसतच नाही, शेरा मारून मोकळा. अडलो ते एका खिडकीपाशी. मालकाला लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्यात, ड्रॉइंगवर लिहिलंय 'सेम साइज'. साइज सेमच आहे ओ, पण जुनी चौकट भिंतीच्या ४ इंच आत बसलेली, त्यामुळे सावली पडते, नवीन एकदम तोंडावर आणलीय म्हणजे अख्खा दर्शनी भाग सपाट. जागेवर जाऊन चौकटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघितला तर फक्त खालची पट्टी कुजलेली, बाकी लाकूड टणक.

आणि सिमेंट प्लास्टर नको म्हटलं तर कंत्राटदार हसला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडतं मग जुन्या विटांचा भुगा व्हायला लागतो, हे सांगून सांगून तोंड दुखलं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय सनदेत, म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि इथे एकही जुना फोटो नसताना 'पूर्वीसारखी' नक्षीदार बाल्कनी! तो कागद परत पाठवला.

मालक वैतागलेत. त्यांचंही खरंय म्हणा, गळती त्यांच्या डोक्यावर होते, माझ्या नाही. परवा सुताराला घेऊन परत जातोय.