फेब्रुवारी संपता संपता, विजापूर रोडवरच्या वनविहारात

सोलापूर आणि पक्षी म्हटलं की लोक लगेच नान्नजचा माळढोक काढतात. बरोबरच आहे, 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, पण आता देशात जे थोडे माळढोक उरलेत ते जवळपास सगळे राजस्थानात, त्यामुळं तो दिसेल म्हणून नान्नजला जाणारे बहुतेक तसेच परत येतात (काळवीट, धाविक, चंडोल बघायला मात्र जरूर जा, माळ फार सुंदर आहे). आणि मग सोलापुरात आता पक्षीच राहिले नाहीत असं बोलून मोकळे होतात. ते ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण विजापूर रोडवरचं सिद्धेश्वर वनविहार गावातच आहे आणि फेब्रुवारीचा शेवट म्हणजे तिथं जायची सगळ्यात चांगली वेळ.

का ते सांगते. शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात ना, तसं शिवरात्र झाली की दुपारचं ऊन भाजायला लागतं पण पहाटे अजून गारवा असतो, हिवाळी पाहुणे अजून निघालेले नसतात आणि इथल्या पक्ष्यांची मात्र घरट्यांची गडबड सुरू झालेली असते. म्हणजे जाणारे आणि संसार मांडणारे एकाच झाडावर. त्यात कडुनिंबाची पानगळ झालेली, त्यामुळं एरवी पानात लपणारं सगळं उघड्यावर दिसतं. नवीन पालवी आली की संपलं, मग नुसते आवाज ऐकायचे.

यावेळी आठवीतल्या भाचीला बरोबर घेतलं. साडेसहाला सात रस्ता चौकातून निघालो, पत्रकार भवनाकडून विजापूर रोडला लागलं की कंबर तलाव येतो (कागदावर धर्मवीर संभाजी महाराज तलाव, पण सगळे कंबर तलावच म्हणतात), तिथं गाडी बाजूला घेऊन थोडं थांबायचं हे माझं ठरलेलं. काळे वारकरी कपाळावर पांढरा टिळा लावून फिरत होते, टिबुकल्या बुडी मारून भलतीकडंच वर येत होत्या, काठाला शेकाटे लांब लाल पायांवर, आणि एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला. तेवढ्यात डोक्यावरून भोरड्यांचा थवा गेला, बघता बघता वळला, पसरला, परत गोळा झाला. भाची म्हणाली, "मावशी, हे कुठून येतात?" हे मध्य आशियाकडचे, काही तर थेट पूर्व युरोपातून येतात, पावसाळ्यातच हजर होतात आणि आपल्या ज्वारीवर हिवाळा काढून मार्च-एप्रिलला परत. शेतकरी त्यांच्यावर वैतागतात ते खरं आहे, पण तिकडं पिल्लांना वाढवताना हेच पक्षी टोळ आणि नाकतोडे खाऊन शेताचं केवढं काम करतात हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

वनविहारात आत शिरलो की पहिल्यांदा कायम सातभाईच. पाचोळा उलटापालटा करत, एकमेकांवर ओरडत, पूर्ण टोळी. पुढं वाटेवर थिरथिरा बसलेला, पोटाला विटकरी रंग, शेपटी सारखी थरथरवतोय, खाली उतरून किडा उचलतो आणि परत त्याच दगडावर. हा हिमालय-तिबेटकडं घरटी करतो आणि थंडीत आपल्याकडं येतो, मार्च संपेपर्यंत तिथली जागा रिकामी होणार. बोरीच्या झुडपातून "टक्, टक्" चाललं होतं, तो वटवट्या, दिसायला अगदी साधा, मातकट, पण एवढासा जीव केवढं अंतर उडून येतो या विचारानं मी दर वर्षी त्याच्यासाठी थांबतेच. लाल छातीचा माशीमारही दिसला, नर, गळ्याशी नारिंगी, शेपटी वर झटकत फांदीफांदीनं खाली आला. हा नारिंगी गळा पहिल्या वर्षी नसतो, पुढं येतो, म्हणजे या पक्ष्याने हा प्रवास आधीही केलेला आहे. हे भाचीला सांगितलं तर ती कितीतरी वेळ दुर्बीण खालीच घेईना.

इकडं शिंजीर. नराचे रंग अजून अर्धे आलेले, कुठं जांभळी झळाळी तर कुठं पिवळट ठिगळं, अजून थोड्या दिवसांत पूर्ण चमकणार. मादी कोळ्याचं जाळं चोचीत घेऊन दोनदा गेली, म्हणजे घरटं जवळच कुठंतरी टांगलेलं. आम्ही शोधलं नाही.

आणि मग तांबट. खूप वेळ टुक् टुक् टुक् येत होतं, शेवटी एका झाडाच्या पूर्ण वाळलेल्या फांदीवर दिसला, कपाळावर लाल, गळ्याशी पिवळं, फांदीच्या खालच्या अंगाला चिकटून चोचीनं भोक पाडायचं काम चाललेलं. भुसा खाली पडताना दिसत होता! थोड्या वेळानं दुसरा आला, पहिला उडाला, आणि दुसऱ्यानं तिथूनच काम पुढं सुरू केलं, यांच्यात नर-मादी दोघंही कोरतात आणि अंडीही दोघं उबवतात. जिवंत लाकूड त्यांच्या चोचीला झेपत नाही, मऊ पडलेली वाळकी फांदीच लागते.

तिथंच एक मामा पाचोळा झाडत होते. मी विचारलं, "मामा, ही फांदी तोडणार काय?"

"लोकं म्हणायलेत की ओ, अंगावर पडंल म्हणून. का?"

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ बघितलं. "रोज आवाज ऐकतोय बघा ह्याचा, पर कुठं असतंय ते काय कळत नव्हतं. वाटेवर तर येत नाही ही फांदी, राहू दे. सायबाला सांगतो मी."

बागा चकाचक ठेवायच्या हा आपला हट्ट मला अजिबात पटत नाही. वाळकी फांदी गेली की तांबट गेला, त्याचं जुनं भोक नंतर दुसरे पक्षी वापरतात तेही गेलं. पाचोळा जाळला की त्यातले किडे संपले, मग सातभाई, दयाळ, चीरक यांनी खायचं काय? काटेरी झुडपं काढून लॉन केलं की वटवट्या येऊन बसणार कुठं. चालायची वाट झाडा, जरूर झाडा, पण झाडाखालचा पाचोळा तिथंच कुजू द्या, मातीलाही बरं.

अजून एक. हल्ली मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावतात फोटोसाठी. मर्लिन ॲप आवाज ओळखायला उत्तम आहे, मीही वापरते, पण घरट्यांच्या दिवसात आवाज वाजवला की नराला वाटतं दुसरा नर घुसला, तो घरटं सोडून भांडायला येतो. कृपा करून करू नका. म्हणूनच ती फांदी नेमकी कुठंय ते इथं मुद्दाम लिहीत नाही.

साडेनऊला ऊन चटका द्यायला लागलं आणि झाडं गप्प झाली. बाकावर बसून घरची शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि भाचीनंच ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) यादी भरली. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी सांगते, फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणून चार दिवसांची जगभर पक्षीगणना असते, 1998 ला सुरू झाली, आपल्याकडं 2013 पासून, आणि त्यात एका जागी किमान 15 मिनिटं पक्षी मोजले तरी चालतात, घराची गच्ची सुद्धा चालते. यंदाची झाली, पण यादी वर्षभर कधीही भरता येते.

जाणार असाल तर सातच्या आत पोचा, मातकट नाहीतर हिरवे कपडे घाला, पाणी बरोबर ठेवा आणि पंधरा मार्चच्या आत जा. पुढच्या रविवारी आम्ही हिप्परगा तलावावर जायचं म्हणतोय, पट्टेरी राजहंस निघून जायच्या आत. भाचीनं आत्ताच गजर लावून ठेवलाय.