वाळूच्या टँकवर उभा राहिलेला आमचा धंदा

बारा वर्षांपूर्वी नागपूरच्या इतवारीतल्या एका भाड्याच्या खोलीत मी आणि माझ्या धाकट्या भावाने काम सुरू केलं. तेव्हा आम्ही फक्त फिशटँक बनवायचो. काच कापून आणायची, सिलिकॉनने जोडायची, पाणी भरून गळती बघायची आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची. सफाईची कामं आम्ही घेतच नव्हतो.

महालातल्या एका काकूंनी ते काम गळ्यात घातलं. तीन फुटी टँक, तळाला चार-पाच इंच बारीक वाळू, मे महिना. "भाऊ, खालून काळं पडलं आहे, जरा साफ करून द्या ना," म्हणाल्या. मी कोपरापर्यंत हात घालून सगळी वाळू ढवळली. कुजलेल्या अंड्यांचा भपकारा आला, पाणी राखाडी झालं आणि संध्याकाळपर्यंत अकरापैकी नऊ मासे गेले. काकू रागावल्या नाहीत. ताटलीत एकेक मासा काढून त्यांनी तुळशीच्या कुंडीत पुरला. मी पैसे परत केले, पण ती ताटली आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. वाळूचा थर जाड असला की तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथे विष्ठा आणि उरलेलं खाणं सडतं, हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि वाळू काळी पडते. मी तो विषारी वायू एका झटक्यात मोकळा केला होता. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा 45 च्या घरात असतो.

तेव्हापासून आमच्या टँकमध्ये वाळू दोन-तीन बोटांपेक्षा जास्त नसते. सायफनचा, म्हणजे तळाची घाण पाण्यासोबत बादलीत ओढून घेणारा, पाईप खड्यांमध्ये खुपसतात तसा वाळूत खुपसायचा नाही. वाळूपासून दोन बोटं वर धरून हळूहळू गोल फिरवायचा. घाण हलकी असते, ती उचलली जाते, वाळू खालीच राहते. तळ मोकळा ठेवायला ट्रम्पेट गोगलगायी सोडतो, त्या दिवसा वाळूत शिरून ती खालीवर करतात. पंपाचं तोंड तळापासून उंच ठेवतो, नाहीतर वाळू आत जाऊन पंखा झिजतो. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात.

कन्हान नदीची वाळू घेऊन पुष्कळ लोक येतात. तीही चालते, पण आधी सुकी वाळू वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, पाणी जड होईल. फेस नसेल तर बादलीतलं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा, त्याला दहा-बारा बादल्या लागल्या तरी.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट टँकमध्ये ओतू नका, हे आम्ही प्रत्येक घरी सांगतो. आदल्या रात्री भरून सावलीत ठेवा, क्लोरीन घालवायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाका आणि एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदला.

आज आम्ही सहा जण आहोत. काकूंचा टँक अजून आमच्याकडेच आहे, आणि तिथे मी स्वतः जातो. नवा मुलगा कामाला आला की पहिला महिना त्याची बादली मी बघतो. घाण पाणी ओतल्यावर तळाशी मूठभर वाळू दिसली तर पाईप खाली गेला होता. मग पाईप पुन्हा त्याच्या हातात देतो आणि शेजारी उभा राहतो.