रोड बाइकचा टायर आणि रिमची पन्हळ

गेल्या हिवाळ्यात मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीसाठी, नाव नोंदवले. हे अंतर १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करावे लागते आणि सोबतच्या गाडीची मदत फक्त ठरवून दिलेल्या कंट्रोलवरच, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यांवरच, घेता येते, त्यामुळे वाटेत चाक पंक्चर झाले तर ते आपल्याच हाताने दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नसते. माझे २५ मिलिमीटरचे टायर मधोमध सपाट झाले होते. पुण्यातील ठिगळाठिगळांच्या रस्त्यांवर थोड्या कमी हवेत चालणारा रुंद टायर बरा पडेल, या विचाराने फ्रेम आणि ब्रेकमध्ये पुरेशी जागा असल्याची खात्री करून मी ७०० बाय २८, म्हणजे २८ मिलिमीटर रुंदीचे, टायर घ्यायचे ठरवले. टायर बदलणे हे एका संध्याकाळचे काम आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यात पाच आठवडे गेले.

सुरुवातच चुकीच्या मापाने झाली. कोथरूडमधील घराजवळच्या दुकानात मी भाच्याला पाठवले आणि तो कागदात गुंडाळलेला अठ्ठावीस इंची टायर घेऊन आला, म्हणजे दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलींना लागतो तो २८ बाय दीड. नावात अठ्ठावीस असले तरी त्या टायरची रिमवर बसणारी कड ६३५ मिलिमीटर व्यासाची असते आणि रोड बाइकची ६२२ मिलिमीटरची. व्यासातला हा १३ मिलिमीटरचा फरक घेरात चार सेंटीमीटरचा होतो. दुकानदाराने बिल नसल्याचे कारण सांगून टायर परत घेतला नाही. तेव्हापासून मी अठ्ठावीस, सत्तावीस, सातशे या आकड्यांकडे पाहणे सोडून दिले आणि टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत छापलेला २८-६२२ हा आकडाच वाचू लागले. त्यातला पहिला भाग रुंदीचा असतो, दुसरा कडेच्या व्यासाचा, आणि दुसरा भाग जुळला नाही तर बाकी सगळे जुळूनही उपयोग नसतो.

त्यानंतर मी आयात केलेल्या सायकली विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथे घडीचे, म्हणजे कडेत तारेऐवजी मजबूत धाग्याचा गोफ असलेले, दोन टायर घेतले आणि बसवणावळ देऊन तिथेच बसवून घेतले. काम पडद्यामागच्या खोलीत झाले. चाके चांगली फिरत होती, टायर सरळ दिसत होते, त्यामुळे मी आणखी काही विचारले नाही.

आठवड्याभराने चांदणी चौक ओलांडून भूगावपर्यंत पोहोचले असताना मागचे चाक बसले. टायरमध्ये केसाएवढी बारीक तार रुतली होती. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेल्या अशा तारा आपल्या महामार्गांच्या कडेला सर्वत्र पडलेल्या असतात. तार काढली, नवी ट्यूब घातली, टायरची एक कड बसवली, दुसरीही बरीचशी बसवली आणि शेवटची वीतभर जागा काही केल्या आत जाईना. अंगठ्यांना फोड आले, टायरची कड उचलायचा प्लॅस्टिकचा एक लिव्हर मोडला, आणि दुसऱ्या लिव्हरने कड उचलताना आतली ट्यूब चिमटली गेली. जवळच्या पंक्चरवाल्या दादांनी मनापासून प्रयत्न केला, परंतु त्यांच्याकडे लोखंडी पट्टीच होती आणि ती माझ्या ॲल्युमिनियमच्या रिमला लावू देण्याचे धाडस मला झाले नाही. शेवटी सायकल टेम्पोत घालून घरी आणली.

मोठ्या दुकानात परत गेले तेव्हा जे संभाषण झाले, त्याचा मला आजही राग येतो. "मॅडम, हे टायर घट्टच असतात, हाताला जोर लागतो, तुमच्या मिस्टरांना किंवा मुलाला सांगत जा," असे काउंटरवरच्या व्यवस्थापकांनी सांगितले. मी म्हटले, "अहो, रस्त्यावर मी एकटीच असणार आहे, तर मलाच बसवता यायला हवा, त्याची रीत दाखवा." त्यावर त्यांनी चाक आत पाठवले आणि पाच मिनिटांत टायर बसून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकात हवा नव्हती. ट्यूब काढून पाहिली तर रिमकडच्या बाजूला, लिव्हरचे टोक जिथे पोहोचते तिथे, दोन बारीक चिरा होत्या, आणि रिमच्या काठावर नवे ओरखडे होते. तिसऱ्या भेटीत टायरच सदोष असल्याचे सांगून मला दुसऱ्या कंपनीचे, जास्त किमतीचे टायर सुचवण्यात आले. या तिन्ही भेटींत रिमच्या आत काय आहे ते पाहावे असे कोणालाही वाटले नाही, आणि मलाही तोपर्यंत ते सुचले नव्हते.

ते पाहिले एका पेठेतल्या, जेमतेम एक सायकल उभी राहील एवढ्या दुकानातल्या मिस्त्रींनी. मुंबई-पुणे शर्यतीच्या सायकलींवर त्यांनी तरुणपणी काम केले होते. काकांनी माझे सगळे बोलणे ऐकून घेतले, टायरला हात न लावता तो माझ्याकडूनच उतरवून घेतला, आणि मग नखाने रिम टेपची, म्हणजे ट्यूबखाली स्पोकची भोके झाकणाऱ्या पट्टीची, कड उचलली. आत कापडी टेपचे दोन थर होते: एक सायकलीबरोबर आलेला आणि त्यावर, तो न काढताच, चिकटवलेला दुसरा.

"हे बघा ताई, पन्हळ भरून टाकलीय," ते म्हणाले.

रिमच्या पोटाशी, दोन काठांच्या मधोमध, एक खोलगट पन्हळ असते हे मी पाहिले होते, पण ती कशासाठी असते याचा विचार कधी केला नव्हता. टायरची कड ताणली जात नाही आणि ताणली जाऊही नये, नाहीतर हवेच्या दाबाने टायर रिमवरून उडेल. मग ती काठावरून आत जाणार कशी? तर बसलेला भाग पन्हळीत उतरवून. पन्हळीतला घेर लहान असल्यामुळे तिथे कडेची जी लांबी वाचते, ती समोरच्या बाजूला ढील म्हणून मिळते. संपूर्ण घेरात एक मिलिमीटर खोली वाढली तर परिघात सहा मिलिमीटरांहून अधिक फरक पडतो. शेवटच्या वीतभर जागेत माणूस जिथे अडतो, तिथे एवढा ढील फार मोठा ठरतो. माझ्या रिमसारख्या ट्यूबलेस टायरसाठीही बनवलेल्या रिममध्ये कड बसण्याची बाजूची बैठक मुळातच घट्ट असते, म्हणून पन्हळ मोकळी असणे अधिकच गरजेचे. काकांनी सुतळीचा फास रिमभोवती घालून, आधी बैठकीवर आणि मग पन्हळीत, हा फरक मला डोळ्यांनी दाखवला.

त्यांनी दोन्ही थर काढून पातळ प्लॅस्टिकच्या टेपचा एकच वेढा दिला आणि पुढचे काम मला करायला लावले. ट्यूबला पावडर चोळायची आणि ती जेमतेम गोल होईल इतकीच हवा भरायची. पहिली कड चढवायची, व्हॉल्व्ह भोकात घालून ट्यूब आत सारायची. दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरू करून दोन्ही हातांनी व्हॉल्व्हकडे आणायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशीच करायचा, कारण व्हॉल्व्हच्या जागी ट्यूबची जाड बैठक आड येते आणि कड पन्हळीत उतरत नाही. तिथून सुरुवात केली तर तेवढा ढील वाया जातो. कड घट्ट लागली की थांबायचे, ट्यूबमधली हवा सोडायची, आणि पुन्हा समोरच्या बाजूपासून टायर चिमटीत धरून दोन्ही कडा मध्यभागी ढकलत, तळव्यांनी ओढत खाली यायचे. मी आजवर ही पायरी कधीच केली नव्हती. अडले की तिथेच जोर लावत बसत असे. शेवटचा भाग अंगठ्यांऐवजी तळहाताच्या मुळाने आत वळवायचा. त्यानंतर व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडायचा, कडेखाली ट्यूब कुठे डोकावते का ते दोन्ही बाजूंनी संपूर्ण घेरात पाहायचे, थोडी हवा भरून टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना हे तपासायचे, आणि मगच पूर्ण हवा भरायची.

पहिल्यांदा मला २५ मिनिटे लागली. काकांनी टायर पुन्हा उतरवायला सांगितला, आणि नंतर पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा तो नऊ मिनिटांत, लिव्हरला हात न लावता बसला. त्यांनी फक्त टेपचे पैसे घेतले. शिकवण्याचे देऊ केले तेव्हा त्यांनी मान हलवली.

मी मोठ्या दुकानात जाऊन काढलेले दोन्ही थर काउंटरवर ठेवले. पन्हळ न पाहता टायरला दोष देणे आणि त्यावर नवे टायर विकू पाहणे गैर आहे, हे मला त्यांना समोरासमोर सांगायचे होते. व्यवस्थापकांनी ते टेप आपल्याकडचे असल्याचे मान्य केले नाही. पडद्यामागून बाहेर आलेला तरुण मेकॅनिक मात्र टेपचा तुकडा बोटांत धरून त्याची जाडी पाहत राहिला आणि त्याने मला नवा टेप कुठला लावला ते विचारले. मी नाव आणि रुंदी दोन्ही सांगितले.

त्याच रात्री मी पुढचे चाक उघडले. तिथेही कापडाचे दोन थर निघाले. ते काढून पातळ टेप लावला आणि टायर घरच्या ओसरीवर बसून एकटीने चढवला. ब्रेव्हे ११ तास ५० मिनिटांत पूर्ण झाली आणि त्या दिवशी एकही पंक्चर झाले नाही. ते झाले पुढच्या महिन्यात, पिरंगुटच्या अलीकडे, मागच्याच चाकाला. सायकल रस्त्याकडेच्या झाडाला टेकवून मी ट्यूब बदलली, शेवट व्हॉल्व्हपाशी केला, आणि पुढे मुळशीला गेले.