एका हेअरपिनने खाल्लेले दोन दिवस

"ब्रेक उशिरा मार, बाकीचं आपोआप येतं." निघण्याआधी तीन जणांनी मला हेच सांगितलं होतं, आणि तिघंही माझ्यापेक्षा जास्त वर्षं कार्ट (गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी) चालवणारे. या एका वाक्यापायी तीनपैकी दोन दिवस हातचे गेले, म्हणून परतल्या परतल्या लिहायला बसलोय. हात कोपरापर्यंत ठणकताहेत. भाषा कडक वाटली तर समजून घ्या.

ट्रॅक मोकळ्यावरचा, अकरा वळणांचा. दहा वळणं दुसऱ्या सेशनमध्येच जमली, त्यांचं काही सांगत नाही. उरली ती हेअरपिन: लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी उजवीकडे पूर्ण फिरणारी, आणि तिच्यापुढे पुन्हा साधारण दीडशे मीटरचा सरळ पट्टा.

पहिला दिवसभर मी प्रत्येक लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) ब्रेक आणखी थोडा पुढे ढकलत गेलो. भाड्याच्या कार्टला ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांच्या दांड्यावर, म्हणजे ॲक्सलवर असतो. स्टिअरिंग वळवल्यावरही तो जोरात दाबलेला राहिला की मागचा भाग निसटतो. मग उलटं स्टिअरिंग, कार्ट आडवी, इंजिनचा आवाज खाली बसलेला, आणि पुढचा अख्खा पट्टा रडतखडत. मागून टायर किंचाळले की आपण जोरात चाललोय असं वाटतं. साफ खोटं. जितकी घसरण, तितका वेग रबरात जिरला.

दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून सगळ्यात कमी वेळ काढणाऱ्या मुलाकडे बघत बसलो. तो माझ्या दोन मीटर आधी ब्रेक मारत होता! रात्री हिशोब मांडला. ताशी 70 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 19 मीटर, म्हणजे दोन मीटर उशिरा ब्रेक मारून फार तर दहावा हिस्सा सेकंद हाती लागतो. उलट दीडशे मीटरचा पट्टा सरासरी 60 ऐवजी 63 ने कापला, तर 0.4 सेकंद वाचतात. मी दहा पैशांसाठी चाळीस पैसे फेकत होतो.

आता मुद्द्याचं. कार्टला डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर, एकाच गतीने फिरतात, पण वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलंच पाहिजे, नाहीतर कार्ट वळायला नकार देते आणि सरळ ढकलत राहते. ते उचलण्याचं काम स्टिअरिंगच करतं: पुढच्या चाकांचा कोनच असा बसवलेला असतो की वळवताच आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं. तेव्हा ब्रेक सरळ रेषेत संपवा, सोडता सोडता ठामपणे एकदाच वळवा, आणि लगेच स्टिअरिंग उलगडायला लागा. स्टिअरिंग धरून ठेवलंत तर इंजिन दबतं. अ‍ॅपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ जायची जागा) तुम्हाला वाटतो त्याहून पुढे घ्या, म्हणजे बाहेर पडताना चाकं लवकर सरळ होतात आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता येतो.

मोटरसायकल चालवणाऱ्यांनी खास लक्ष द्या: आत झुकू नका. झुकलात की वजन नेमकं त्या आतल्या चाकावर पडतं आणि ते उचललं जात नाही. मी दीड दिवस झुकत होतो, कुणीही टोकलं नाही. पाठ सीटला, खांदे सरळ. नजर कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या पट्टीवर) नको, बाहेर पडायच्या जागेवर हवी.

दोन्ही पेडल एकत्र दाबायची सवय असेल तर आजच मोडा. क्लच तापतो आणि वेग मरतो.

दुपारी आणि सकाळी ट्रॅक एकच नसतो. रबर बसलेली रेषा सोडून बाहेर गेलात की तिथल्या टायर झिजून पडलेल्या रबराच्या गोळ्या चाकाला चिकटतात आणि पुढची दोन वळणं पकड मिळत नाही. पाऊस आला तर उलटं: तीच रबराची रेषा निसरडी होते, तेव्हा तिच्या बाहेरून जा.

सेशनची वेळ आधी नीट विचारून घ्या. आमच्याकडून दहा मिनिटांचे पैसे घेतले आणि घड्याळ पिटमध्ये (ट्रॅकवर जाण्याआधी थांबायच्या जागेत) उभे असतानाच सुरू केलं. मुकाट्याने ऐकून घेऊ नका. आणि बरगड्यांचं पॅड स्वतःचं न्या. तिसऱ्या दिवशी माझी डावी बरगडी श्वास घेताना दुखत होती.

तरी तिसऱ्याच दिवशी, शेवटच्या सेशनच्या सातव्या लॅपला, मी दोन मीटर आधी ब्रेक मारला, एकदाच वळवलं, आणि आतलं चाक उचलल्याचं सीटमधून स्पष्ट जाणवलं. टायर गप्प होते. पट्ट्याच्या शेवटी पुढची कार्ट, जी दोन दिवस लांब पळत होती, हाताच्या अंतरावर आली होती. लॅप 1.1 सेकंदांनी कमी झाला.