डायनामो घरीच का बदलला?

लग्नात विचारता, पारावर विचारता, परवा तर दहाव्याच्या पंगतीत विचारलंत : "कोपऱ्यावर मेस्त्री असताना डायनामो घरीच बदलायचं खूळ कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

पैशासाठी नाही. मजुरीचे पाचशे वाचवले असं मीच आधी सांगत फिरलो, ते खोटं होतं. त्या उन्हाळ्यात गाडी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा एका दुकानदारानं माझ्या गळ्यात नवी बॅटरी मारली. दुसरीही तीन आठवड्यांत उतरली. मग मी मल्टिमीटर आणला. गाडी बंद असताना बॅटरीवर 12.4 व्होल्ट, चालू केल्यावर 12.1. चालू गाडीत 14 च्या आसपास दिसायला पाहिजे. म्हणजे डायनामो, चालू गाडीत बॅटरी भरणारं ते यंत्र, चार्जच करत नव्हता, आणि हे कळायला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांचाच राग होता. रागात पान्हे विकत आणले.

परभणीचा मे महिना. सावलीत ठेवलेला पान्हाही हाताला चटका देत होता. बॅटरीची काळी वायर आधी काढायची हे मला माहीत होतं, काढलीही होती. जुना उतरवला, नवा चढवला, वायर जोडून गाडी चालू केली तर डायनामो फिरवणारा पट्टा किंचाळायला लागला. ढिला राहिला होता.

आता एवढंच तर आवळायचंय, म्हणून गाडी बंद केली आणि काळी वायर तशीच ठेवली.

डायनामोच्या मागची जाड वायर थेट बॅटरीकडून येते. चावी काढून खिशात घातली तरी तिच्यात करंट असतोच. तिच्या नटावरची रबरी टोपी मी बसवायची विसरलो होतो. पान्ह्याचं एक टोक बोल्टवर, दुसरं त्या उघड्या नटाला टेकलं. तडाड! पांढरा उजेड, जळका वास, करंगळीला फोड, आणि पान्ह्याच्या कडेला भाताच्या शिताएवढा खड्डा.

लिंबाखाली बाजेवर अण्णा बसले होते. "काय करायलास रे?"

"काही नाही."

ते उठून आले. माझ्या हातातला पान्हा घेतला, त्या खड्ड्यावरून अंगठा फिरवला, पान्हा खिशात टाकला आणि मेस्त्रीला फोन लावला.

80 अँपिअरचा मेन फ्यूज उडाला होता. मेस्त्रीनं तो बदलला, पट्टा बोटाच्या जाडीएवढा दबेल असा ताणून दिला, पाचशे घेतले. हसला नाही, हे त्याचे उपकार.

तरी डायनामो मीच बदलला, असंच मी म्हणतो. फ्यूज त्याचा, पट्टा त्याचा, पण ते दोन बोल्ट माझे. मीटर 14.1 दाखवतो. अर्थात काळी वायर तेव्हा काढली असती तर, हे रात्री कधी आठवलं की करंगळी आपोआप मुठीत जाते.

आता वॉटर पंप गळतोय. पान्ह्यांचा डबा काढून ठेवलाय. बाराचा पान्हा मात्र अजून अण्णांच्या कपाटात आहे, आणि तो मागायचा धीर होत नाही.