झाकणाला तळ मिळेना

कोळंबीच्या हॅचरीत दिवस उजाडतो तो अल्गी, म्हणजे पिल्लांना खाऊ घालायचं सूक्ष्म शैवाल, मोजण्याने. आदल्या सकाळी ५०० लिटरची किटोसेरॉसची (हा डायटम, कवचवाली एकपेशी अल्गी) टाकी मिलीलिटरला २ लाख पेशींवर लावली होती. चोवीस तासांत निदान ५-६ लाख हव्या होत्या. हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या काचपट्टीवर) भरल्या २.७ लाख. कोळंबीची नॉप्ली (अंड्यातून निघालेलं पिल्लू) अंगच्या बलकावर जगते, पण त्या रात्री तिची झोइया, म्हणजे पुढची खाणारी अवस्था, होणार होती. तिला मिलीलिटरला ५० हजार ते १ लाख पेशी लागतातच, नाहीतर पिल्लांची अख्खी टाकी मरते.

पावसाळा, म्हणून पहिला संशय खाडीच्या पाण्यावर. खारटपणा हजारी २८, ठीक. ट्यूबलाइट, हवेचा ब्लोअर चालू. अल्गी खाणारा सिलिएट जीव एकही नाही. मालक म्हणाले, "रंग तर झक्क तपकिरी आहे!" रंगावर कल्चर जोखणारे या धंद्यात फार.

मग मोजणी सोडून पेशी नुसत्या न्याहाळल्या. विभागणारा डायटम ओळखू येतो: चिकटलेली जोडी, मधे बारीक फट. इथे शंभरात तीनही जोड्या नव्हत्या. पेशी मेल्या नव्हत्या, अडल्या होत्या.

डायटमचं कवच म्हणजे सिलिकाची डबी. पेशी दुभंगली की एकीला झाकण मिळतं, दुसरीला तळ. तळवाली त्यालाच झाकण करते आणि आत बसेल असा आणखी लहान तळ घडवते. म्हणून बऱ्याच जातींत पिढ्यागणिक सरासरी आकार घटतो, आमच्या भावकीतल्या वाटण्यांसारखा. (डायटम पुढे लैंगिक प्रजननाने आकार भरून काढतात, सातबाऱ्याला ती सोय नाही.) विरघळलेलं सिलिकेट नसेल तर नवा तळ नाही, आणि वाटणीही नाही.

ते आम्हीच घालतो: ५०० लिटरला १५ ग्रॅम सोडियम सिलिकेट. वेगळं विरघळवून, शेवटी, बारीक धारेने. नव्या मुलाने ते फॉस्फेट आणि लोहाच्याच कॅनमध्ये ओतलं होतं. आम्लधर्मी द्रावणात दाट सिलिकेट थिजतं. कॅनच्या बुडाशी जेलीसारखा गाळ होता. पण भिंतीवरच्या तक्त्यात 'वेगळं' हा शब्दच नाही, आणि तो तक्ता माझ्या अक्षरातला.

नऊला १५ ग्रॅम नव्याने, दहा लिटर गोड्या पाण्यातून सोडलं. संध्याकाळी काचपट्टीवर जिकडेतिकडे जोड्या. सगळ्या एकाच उंबऱ्याशी खोळंबलेल्या, त्यामुळे सुटल्याही बरोबरीने. सकाळी ५.३ लाख.

रात्रीची झोइया राखीव अल्गीच्या कारबॉयवर (मोठ्या बाटल्यांवर) निभावली. ते आता रिकामे. पुन्हा टेस्ट ट्यूबपासून सुरुवात.